टग आणि बार्ज पाहायला शिकावे ते वैनगंगेच्या घाटावर

मालाने भरलेले पडाव, म्हणजे बार्ज, ओढणारी किंवा ढकलणारी टगबोट विदर्भातल्या कोणत्याही नदीवर पाहायला मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानंतर देशातल्या राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली आणि त्यात १०९ व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता हा नदीमार्ग आहे. पण आमच्या घाटावरच्या नावाड्याला या क्रमांकाने अजून काही दिलेले नाही. त्याच्याही दीडशे वर्षे आधी इंग्रजांनी वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस गोदावरीच्या पाण्याने पूर्व किनाऱ्यावर उतरवण्याचा घाट घातला होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते, आणि त्यांपैकी तिसरा आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, प्राणहितेवर देवलमरीजवळ होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले. म्हणजे टगबोट आपल्या दारापर्यंत येता येता राहिली.

तरीही ती पाहायला शिकण्याची उत्तम जागा वैनगंगेचा घाटच आहे, असे माझे मत आहे. कोलकात्याच्या हुगळीवर किंवा एखाद्या मोठ्या बंदरात जाऊन उभा राहिलेला नवखा माणूस बोटीकडे पाहतो आणि पाण्याकडे पाहायचे विसरतो. मग पाच मिनिटांत त्याला वाटू लागते, की बोट नुसती सरकते आहे, यात पाहण्यासारखे काय आहे. डोंग्यावर, म्हणजे बुंधा पोखरून केलेल्या नावेवर, बसलेल्या ढिवराचे (इथल्या मासेमार नावाड्याचे) हात एक महिना नीट पाहिलेल्या माणसाला टगच्या कप्तानाने काय केले आणि ते का केले, हे आपोआप कळू लागते, कारण काम तेच असते. ज्याच्यात जोर आहे त्याने, ज्याच्यात जोर नाही त्याला, वाहत्या पाण्यातून हव्या त्या जागी नेऊन लावायचे, एवढेच ते काम आहे.

पहिले काम: पाणी वाचणे

घाटावर गेल्यावर पहिली वीस मिनिटे बोटीकडे पाहू नये. उंच दरडीवर किंवा पुलावर उभे राहावे आणि नदीचा पृष्ठभाग पाहावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार असते, तिथे पाणी खोल आणि वेगवान असते, आणि काठ कापला गेल्याने दरड उभी दिसते. आतल्या बाजूला रेती साचलेली असते आणि पाणी उथळ व मंद असते. संथ, काळसर आणि गुळगुळीत दिसणारा भाग बहुधा डोह असतो. बारीक सुरकुत्या पडलेले, चमचमणारे पाणी उथळ समजावे. पाण्यावर बाणाच्या टोकासारखी खूण दिसली, तर टोक कोणत्या दिशेला आहे ते पाहावे: ते प्रवाहाच्या उलट, म्हणजे वरच्या अंगाला असेल तर टोकाशी खडक किंवा झाडाचा बुंधा बुडालेला असतो, टोक खालच्या अंगाला असेल तर दोन अडथळ्यांच्या मधून जाणारी ती मोकळी वाट असते. ही एवढी एक खूण पक्की झाली, तरी नावाडी सरळ न जाता वाकडा का गेला या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर दोन खुणा निवडाव्यात आणि त्यांच्यातले अंतर पावलांनी मोजावे. मग वाहत येणारे पळसाचे पान किंवा फेसाचा पुंजका पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत जातो ते पाहावे. वीस मीटरला वीस सेकंद लागले तर पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर वेगाने वाहते आहे. डोंगा हाकणाऱ्याला एवढा वेगही घाम फोडतो. हीच युक्ती पुढे बार्जवर उलटी वापरता येते: बार्जची लांबी ठाऊक असेल, तर तिचे नाक एका खांबाशी आल्यापासून शेपूट तिथून जाईपर्यंत लागलेले सेकंद मोजले, की तिचा वेग निघतो. साठ मीटरची बार्ज तीस सेकंदांत गेली, तर ती ताशी ७.२ किलोमीटरने चालली आहे.

केव्हा जावे, कुठे बसावे

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, नदीकाठी बोटी पाहायला जाऊ नये. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटल्यावर वैनगंगा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत कशी पसरली, हे काठावरची माणसे अजून सांगतात. वर पाऊस पडलेला असतो आणि इथे मात्र ऊन असते, म्हणून माणूस फसतो. गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत, आणि ते उघडणार असल्याची दवंडी किंवा भोंगा ऐकू आला की खालच्या अंगाच्या नदीपात्रातून लगेच वर यावे. मे महिन्याचा प्रश्न वेगळा असतो. तेव्हा अनेक ठिकाणी पात्र इतके आटते, की नाव उलटी करून ठेवलेली असते आणि रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या असतात. पाहण्याजोगे दिवस सप्टेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे असतात: पाणी पुरेसे असते, ते निवळलेले असते आणि घाटावर वर्दळही असते.

जागा निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे बोटीला निर्णय घ्यावा लागतो अशी जागा हवी. सरळ, रुंद पात्रात काहीच घडत नाही, तर वळण, पूल, घाट आणि संगम इथे घडते. दुसरी गोष्ट सूर्याची. ही मी चूक करून शिकलो. पहिल्यांदा कोलकात्याला गेलो, तेव्हा हावडा स्टेशनातून उतरल्यावर जवळच्याच घाटावर पहाटेपासून ठाण मांडून बसलो. हुगळी उत्तर-दक्षिण वाहते, हावडा पश्चिम काठावर आहे आणि सूर्य समोरून उगवला, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत मला फक्त काळ्या सावल्या दिसल्या, बोटींचे रंग, दोर आणि माणसे काहीच दिसले नाही. सकाळी पूर्व काठावर बसावे आणि दुपारनंतर पश्चिम काठावर. आमची वैनगंगाही बहुतेक ठिकाणी दक्षिणेकडे वाहते, म्हणून हाच नियम इथेही चालतो. अपवाद मार्कंड्याचा, तिथे नदी काही अंतर उत्तरवाहिनी होते, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत एवढी गर्दी असते की सूर्याचा विचार करायला फुरसतही मिळत नाही.

नवख्यासाठी अंभोऱ्यासारखी जागा नाही. तिथे वैनगंगेला कन्हान आणि आणखी तीन लहान नद्या मिळतात, गोसेखुर्दच्या फुगवट्याने पाणी पसरलेले असते, आणि तारांच्या आधारावर तोललेल्या नव्या पुलावरच्या सज्जातून खाली चाललेल्या बोटी सरळ वरून पाहता येतात. वरून पाहण्याचा फायदा मोठा आहे: बोट कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात कोणत्या दिशेला सरकते आहे, यातला फरक काठावरून कळत नाही, वरून तो लख्ख दिसतो.

डोंगा कसा पाहावा

एकाच झाडाच्या बुंध्याचा, पोखरून केलेला डोंगा अरुंद असतो आणि थोड्या धक्क्यानेही कलतो. म्हणून मोटारसायकल किंवा जास्त ओझे न्यायचे असले, की दोन डोंगे शेजारी शेजारी धरतात, वरून आडवे बांबू टाकून दोराने आवळतात आणि त्यावर फळ्या किंवा बांबूचा तट्टा अंथरतात. मी एका थंडीत पलीकडच्या घाटावरून येणारी अशी जोडी पाहिली. तट्ट्यावर एक मोटारसायकल आडवी उभी होती, तिचे हँडल मालकाने दोन्ही हातांनी धरले होते, शेजारी तांदळाची दोन पोती होती आणि मागे उभा नावाडी लांब बांबू रेतीत रोवून जोर देत होता. घाटापासून दहा हातांवर आल्यावर त्याने बांबू वर उचलला, आडवा धरला आणि काहीच केले नाही. जोडी आपल्याच गतीने आली आणि बोटभर अंतर राहिले असताना थांबली. तो मला म्हणाला, “का जी, सकाळपासून बसून हाय तुमी, पलीकडं जाचं नाही का?” मी म्हणालो, नाही, तुमची नाव पाहतो आहे. त्याने एकदा नावेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि डब्याने तळातले पाणी उपसायला लागला.

त्या शेवटच्या दहा हातांतच सगळे आहे. ओझे पाण्यावर सुटले, की त्याला ब्रेक नसतो. थांबायचे कुठे ते आधी ठरवावे लागते आणि जोर वेळेच्या आधी काढून घ्यावा लागतो. म्हणून डोंगा पाहताना तो निघताना नव्हे, लागताना पाहावा. निघण्यात एकच गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी असते: धार ओलांडायची असेल, तर जाणता नावाडी आधी काठाच्या मंद पाण्याने बराच वर जातो, मग नाक वरच्या अंगाला तिरके धरून धारेत शिरतो आणि प्रवाहालाच स्वतःला पलीकडे सरकवू देतो. नाक किती तिरके धरले आहे ते पाहावे. धार जितकी जोराची, तितके नाक प्रवाहाकडे जास्त वळलेले असते. नवखा पोरगा समोरच्या घाटाकडे थेट नाक करतो आणि दोनशे पावले खाली जाऊन लागतो.

गोसेखुर्दच्या जलाशयात इंजिनाच्या नावा आल्या आहेत, आणि कधी कधी एखादी इंजिनाची नाव बिनइंजिनाची नाव दोराने मागे किंवा कुशीला बांधून नेताना दिसते. ती दिसली की हातातले काम सोडून पाहावे, कारण विदर्भात टग आणि बार्जच्या सर्वांत जवळ जाणारे दृश्य तेच आहे. तलावांवर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या लादीवर बसून जाळे टाकणारे मच्छीमारही दिसतात. त्यांत ओढकाम नसते, पण वारा रिकाम्या, हलक्या वस्तूला किती सहज ढकलतो हे त्यांच्याकडून चांगले कळते.

एक इशारा इथेच देतो. पाहण्याच्या नादात गच्च भरलेल्या डोंग्यात बसू नये. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या महिलांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि त्यात जीव गेले. पाण्यात उतरायचेच असेल, तर तरंगजाकीट अंगात असावे आणि ते बांधलेले असावे. तसेच, रात्री पंप लावलेल्या बोटींनी रेतीउपसा चालतो अशा ठिकाणी दुर्बीण घेऊन फिरू नये. तिथल्या माणसांना तुमचा छंद समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

मग टग आणि बार्ज

पहिला प्रश्न नेहमी हा असावा: समोरच्या बार्जला स्वतःचे इंजिन आहे का? गोव्यात मांडवी आणि जुवारीवर लोहखनिज नेणाऱ्या बार्ज मराठी पर्यटकांनी सर्वांत जास्त पाहिलेल्या असतात, आणि त्या बहुतेक स्वतःच्या इंजिनाने चालतात. मागच्या टोकाला चालकाची खोली, पुढे लांबलचक पोट, आणि आसपास टग नाही. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा या बार्ज नांगरावर पडून राहिल्या होत्या. त्या पाहाव्यात, पण त्यांना ओढकाम समजू नये. बिनइंजिनाची बार्ज ओळखायची खूण म्हणजे दोन्ही टोके जवळजवळ सारखी, चौकोनी आणि वर काहीच नाही. पाण्यावर ठेवलेली पेटीच म्हणा.

टग ओळखणे सोपे आहे. बुटकी, रुंद, आकाराच्या मानाने इंजिन फार मोठे, आणि भोवती जुने टायर लटकवलेले. या टायरांकडे नीट पाहावे. जे टायर घासून गुळगुळीत झाले असतील, त्या बाजूने ती रोज ढकलते. ओढणाऱ्या टगचा दोर अडकवायचा आकडा अगदी मागच्या टोकाला नसतो, तो मध्याच्या जरा मागे असतो. त्याचे कारण असे, की दोर अगदी शेपटीला बांधला तर ओझे शेपूट धरून ठेवते आणि टगला वळताच येत नाही. याच दोरामुळे टगचा सर्वांत मोठा धोकाही निर्माण होतो: बार्ज बाजूला सरकली आणि दोर आडवा ताणला गेला, तर तो टगला कुशीवर उलटवू शकतो. म्हणून दोर पाहणे म्हणजे अर्धे काम पाहणे. दोर पाण्यात झोल खाऊन पडला असेल तर काम अजून सुरू नाही. तो वर उठून पाणी ठिबकू लागला, की ओझे लागले. धक्क्यावर उभे असाल, तर ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभे राहू नये. तुटलेला दोर परत येतो तेव्हा तो दिसतही नाही.

समुद्रात टग बहुधा पुढे राहून लांब दोराने ओढते, पण मोठ्या नद्यांवर ती मागून ढकलते. हे का, ते ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. दोन ट्रॉल्या मागे लावून उतारावर ब्रेक मारला, की ट्रॉली अंगावर येते आणि वळणावर शेपूट रस्ता सोडते. नदीला सगळा उतारच आणि सगळी वळणेच असतात. शिवाय पुढे राहून ओढताना टगच्या बुडाशी फिरणाऱ्या पंख्याने मागे फेकलेले पाणी बार्जच्याच तोंडावर आदळते. म्हणून बार्ज एकमेकींना आणि टगला तारांनी इतक्या घट्ट आवळतात, की बैलगाडीवर कडबा रचून दोर कसावा तसे सगळे मिळून एकच लांब अंग होते. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीवर एक नेहमीची बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद असते आणि सुमारे १,५०० टन माल घेते. वरच्या पट्ट्यात अशा १५ बार्ज, तीनच्या पाच रांगा करून, एकच टग ढकलत नेते. आपल्याकडच्या जलमार्ग खात्याच्या हिशेबात एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो, रुळावर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो माल हलवते असे सांगतात. मिसिसिपीवरची ती रांग पाहिली की तो आकडा पटतो.

अशी रांग वळणावर पाहावी. पाण्याबरोबर खाली येणारी रांग वळणात शिरण्याच्या बऱ्याच आधी तोंड वळवते, आणि तिचे शेपूट बाहेरच्या काठाकडे घसरत जाते. वरून पाहिल्यास ती जवळजवळ आडवी चालल्यासारखी दिसते. सुकाणूला काम करायला त्याच्यावरून पाणी वाहावे लागते, म्हणून खाली येणाऱ्या बोटीला प्रवाहापेक्षा वेगळ्या गतीने चालणे भाग असते, आणि ती सहज थांबू शकत नाही. याच कारणाने अनेक नद्यांवर खाली येणाऱ्याला आधी वाट देतात. वर जाणारी बोट आतल्या मंद पाण्याचा आसरा घेते, आमच्या नावाड्यासारखाच. टगच्या मागचे पाणीही बोलते: शांत असेल तर ती ओघावर चालली आहे, पांढरे खवळले असेल तर पूर्ण जोर लावला आहे, आणि फेस बार्जच्या बाजूने पुढे येऊ लागला तर पंखा उलटा फिरतो आहे, म्हणजे ती थांबवायला निघाली आहे.

बार्ज भरलेली की रिकामी, हे तिच्या कडेवर रंगवलेल्या पाणखुणांवरून कळते. भरलेलीचा काठ पाण्याशी टेकत आलेला असतो आणि ती लाटेला दाद देत नाही. रिकामी उंच उभी राहते आणि वारा तिला भिंतीसारखा ढकलतो, म्हणून रिकामी बार्ज धक्क्याला लावताना टगची धावपळ जास्त होते. ओझे जास्त तितके काम अवघड, असे समजून पाहायला बसू नये.

विदर्भातून जायला कोलकाता सोयीचे आहे. मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या नागपूर आणि गोंदियावरून जातात. तिथे हुगळीला भरती-ओहोटी असते, कधी भरतीची भिंतच नदीत चढून येते, त्याला तिकडे बान म्हणतात. जाण्यापूर्वी त्या दिवसाची भरतीची वेळ पाहावी आणि मरीनट्रॅफिकसारख्या संकेतस्थळावर कोणती बोट कुठे आहे तेही पाहून घ्यावे. सोबत ८ बाय ४२ ची (आठ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. त्याहून जास्त पटीची हातात थरथरते. एक वही असावी आणि तिच्यात वेळ, दिशा, भरलेली की रिकामी, ओढते की ढकलते, आणि लागायला किती मिनिटे लागली, एवढेच लिहावे.

संध्याकाळनंतर थांबणार असाल, तर दिवे आणि भोंगे शिकून घ्यावेत. बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसले तर ती थेट तुमच्याकडे येते आहे. डोलकाठीवर एकाखाली एक दोन पांढरे दिवे दिसले, तर ती काहीतरी ओढते किंवा ढकलते आहे, आणि तीन दिसले तर तिच्या मागची ओढ दोनशे मीटरहून लांब आहे. दोराने ओढणाऱ्या टगच्या मागच्या पांढऱ्या दिव्यावर एक पिवळा दिवाही असतो. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे चालवतो आहे, आणि पाच किंवा जास्त भराभर वाजले तर एका कप्तानाला दुसऱ्याचा इरादा कळलेला नाही. धुक्यात ओढणारी टग एक लांब आणि दोन आखूड भोंगे देते. तिच्या मागच्या शेवटच्या बार्जवर माणूस असेल, तर लगेच पाठोपाठ तिथून एक लांब आणि तीन आखूड ऐकू येतात.